सिरीयल लाइनवर रिप आणि आयजीआरपी

दोन शहरांतली कार्यालये लीज्ड लाइनने जोडली की प्रत्येक टोकाला एक राउटर येतो. त्या राउटरचा सिरीयल पोर्ट मोडेमला आणि मोडेम टेलिफोन कंपनीच्या तारेला जोडलेला असतो. पलीकडच्या कार्यालयात कोणकोणती नेटवर्क आहेत हे राउटरला कळावे लागते. ते त्याला हाताने लिहून देता येते किंवा राउटर एकमेकांना सांगतील अशी व्यवस्था करता येते. अशा व्यवस्थेला राउटिंग प्रोटोकॉल म्हणतात. त्यांतले रिप आणि आयजीआरपी हे दोन जुने प्रोटोकॉल १९८० आणि १९९० च्या दशकांत सिरीयल लाइनवर खूप वापरले गेले. जुन्या उपकरणांशी बोलताना रिपची गाठ आजही पडते.

रिपचे मूळ झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या स्थानिक नेटवर्कमध्ये आहे. तिथून ते बर्कलेच्या युनिक्समध्ये आले आणि १९८३ च्या ४.२ बीएसडी आवृत्तीबरोबर विद्यापीठांत पसरले. लेखी मानक मात्र जून १९८८ मध्ये, रटगर्स विद्यापीठातल्या चार्ल्स हेड्रिक यांनी लिहिलेल्या आरएफसी १०५८ या दस्तऐवजाने मिळाले. तोवर हजारो यंत्रांवर ते चालू झालेले होते. या दस्तऐवजात मर्यादा प्रामाणिकपणे नोंदवली आहे: हा प्रोटोकॉल मध्यम आकाराच्या, साधारण एकाच जातीच्या नेटवर्कसाठी आहे; सिरीयल लाइन असल्या तरी त्यांच्या वेगांत फार तफावत नसावी. प्रत्यक्षातल्या संस्थांकडे मात्र एक लाइन ९.६ केबीपीएसची, दुसरी ६४ ची, तिसरी २ एमबीपीएसची अशी मांडणी असे. या प्रकरणातल्या बहुतेक अडचणींचे मूळ याच विसंगतीत आहे.

पुढे उदाहरणासाठी एक छोटे नेटवर्क घेतले आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर अशी तीन कार्यालये. मुंबई-पुणे आणि पुणे-नागपूर या लाइन २ एमबीपीएसच्या. मुंबई-नागपूर ही थेट लाइन ६४ केबीपीएसची. प्रत्येक ठिकाणी सिस्कोचा २५०१ राउटर आहे, म्हणजे एक इथरनेट पोर्ट आणि दोन सिरीयल पोर्ट. असा त्रिकोण बांधायला तेवढे पुरतात. राउटरला द्यायच्या आज्ञा रोमन लिपीत टाइप होतात. इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

आधी तार, मग प्रोटोकॉल

राउटिंग चालत नाही अशी तक्रार आली की बरेच जण लगेच राउटिंगच्या आज्ञा तपासू लागतात. दोष बहुधा त्याखाली असतो. म्हणून कामाचा क्रम तळापासून वर असाच ठेवावा: केबल, क्लॉक, एन्कॅप्स्युलेशन, आयपी ॲड्रेस आणि शेवटी राउटिंग.

सिरीयल लाइनवर बिट कोणत्या तालात पाठवायचे हे एकच बाजू ठरवते. जी बाजू क्लॉक देते ती डीसीई आणि जी घेते ती डीटीई. खऱ्या लीज्ड लाइनवर क्लॉक मोडेम देतो, त्यामुळे दोन्ही राउटर डीटीई असतात आणि क्लॉकची आज्ञा द्यावी लागत नाही. प्रयोगशाळेत मात्र दोन राउटर व्ही.३५ केबलने थेट जोडतात. तिथे केबलच्या डीसीई टोकाच्या राउटरवर ‘क्लॉक रेट ६४०००’ अशी आज्ञा हवी. कोणते टोक डीसीई आहे हे ‘शो कंट्रोलर्स सिरीयल ०’ या आज्ञेने कळते. त्यासाठी मागे वाकून केबलवरची अक्षरे वाचायची गरज नाही.

त्यानंतर एन्कॅप्स्युलेशन, म्हणजे आयपीचे पॅकेट लाइनवर ज्या चौकटीत बसवून पाठवायचे ती चौकट. सिस्कोच्या सिरीयल पोर्टवर काही न सांगता एचडीएलसी चालू असते, पण ते सिस्कोचे स्वतःचे रूप आहे. पलीकडे दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर दोन्हीकडे ‘एन्कॅप्स्युलेशन पीपीपी’ द्यावे. जुलै १९९४ मधल्या आरएफसी १६६१ ने पीपीपीचे मानक पक्के केले आणि त्यावर जवळजवळ सर्व कंपन्यांचे राउटर एकमेकांशी बोलतात. पीपीपीबरोबर चॅप ही ओळख पटवण्याची पद्धतही वापरता येते.

‘शो इंटरफेस सिरीयल ०’ या आज्ञेच्या उत्तरातली पहिली ओळ लक्षपूर्वक वाचण्याची सवय लावली तर अर्धे दोष तिथेच सापडतात. त्या ओळीत दोन गोष्टी असतात: इंटरफेस आणि लाइन प्रोटोकॉल. इंटरफेसच ‘डाउन’ असेल तर मोडेमकडून कॅरियर येत नाही. केबल, मोडेम किंवा लाइन पाहावी. ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ असेल तर ‘नो शटडाउन’ ही आज्ञा द्यायची राहिली आहे. इंटरफेस ‘अप’ आणि लाइन प्रोटोकॉल ‘डाउन’ ही स्थिती सर्वांत जास्त दिसते. तिचा अर्थ असा की विजेचा संकेत येतो, पण पलीकडच्या राउटरचे कीपअलाइव्ह संदेश येत नाहीत. दोन टोकांना वेगवेगळे एन्कॅप्स्युलेशन, क्लॉक नसणे किंवा पलीकडचा पोर्ट बंद असणे ही त्याची नेहमीची कारणे. एचडीएलसीवर हे संदेश दर १० सेकंदांनी जातात आणि सलग तीन चुकले की लाइन प्रोटोकॉल पडतो. कधी ‘अप’पुढे ‘लूप्ड’ असा शब्द दिसतो. त्या वेळी राउटरला स्वतःचेच संदेश परत ऐकू येत असतात. चाचणीसाठी लावलेला लूप कोणीतरी काढायला विसरलेला असतो.

मास्क न सांगणारा प्रोटोकॉल

लाइन उभी राहिली की ॲड्रेस द्यायचे. रिपच्या पहिल्या आवृत्तीची आणि आयजीआरपीची सर्वांत मोठी अडचण इथे येते: दोन्ही प्रोटोकॉल नेटवर्कचा पत्ता सांगतात, पण सबनेट मास्क सांगत नाहीत. मास्क ऐकणाऱ्याने ओळखायचा असतो. ज्या इंटरफेसवर बातमी आली त्याचा पत्ता त्याच मोठ्या नेटवर्कातला असेल तर राउटर त्या इंटरफेसचाच मास्क धरतो. नसेल तर ए, बी, सी या वर्गांवरून ठरलेला मास्क धरतो. पाठवणारा राउटरही, बाहेर पडणाऱ्या इंटरफेसपेक्षा वेगळा मास्क असलेले सबनेट सांगतच नाही. तक्त्यात ते दिसते, शेजाऱ्याला कधी पोहोचत नाही, आणि कुठे चूक झाली याची एकही सूचना येत नाही.

परिणामी एका मोठ्या नेटवर्कात सगळीकडे एकच मास्क ठेवावा लागतो. उदाहरणात १७२.१६.०.० हे बी वर्गाचे नेटवर्क आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क घेतला आहे. मुंबईच्या इथरनेटला १७२.१६.१.०, पुण्याला १७२.१६.२.०, नागपूरला १७२.१६.३.०, मुंबई-पुणे लाइनला १७२.१६.१२.०, पुणे-नागपूर लाइनला १७२.१६.२३.० आणि थेट लाइनला १७२.१६.१३.०. लाइनवर दोनच टोके असतात, पण सबनेटमध्ये २५४ पत्ते बसतात. म्हणजे प्रत्येक लाइनमागे २५२ पत्ते वाया जातात. दोन पत्त्यांपुरता २५५.२५५.२५५.२५२ हा मास्क लाइनला देण्याचा मोह होतो, पण या प्रोटोकॉलांबरोबर तो आवरावा लागतो.

स्वतःच्या खासगी पत्त्यांत ही उधळपट्टी चालून जाते, सार्वजनिक पत्त्यांत नाही. भारतातल्या संशोधनसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या नेटवर्कला १४४.१६.०.० हे सार्वजनिक बी वर्गाचे नेटवर्क मिळालेले होते. एवढ्या मोठ्या वाट्यातही आठ बिटांचे सबनेट पाडले तर जेमतेम अडीचशे सबनेट होतात, आणि प्रत्येक लाइनने त्यातले एक गिळायचे म्हटले तर ते पाहता पाहता संपतात. यावर ‘आयपी अननंबर्ड इथरनेट ०’ हा एक चांगला उपाय होता. या आज्ञेने सिरीयल पोर्ट स्वतःचा पत्ता न घेता इथरनेटचा पत्ता वापरतो. सबनेट वाचते, मात्र त्या सिरीयल पोर्टला स्वतःचा पत्ता नसल्याने बाहेरून पिंग करून तो पोर्ट तपासता येत नाही.

मास्क न सांगण्याचा दुसरा तोटा तुटक नेटवर्कमध्ये दिसतो. समजा, तिन्ही कार्यालयांत १७२.१६.०.० चे सबनेट आहेत, पण मधल्या लाइनना कोणी १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते दिले. मोठ्या नेटवर्कची हद्द ओलांडताना राउटर सबनेट गुंडाळून फक्त ‘१७२.१६.०.० माझ्याकडे आहे’ एवढेच सांगतो. मुंबई, पुणे आणि नागपूर हे तिघेही एकमेकांना हेच सांगतात, आणि प्रत्येकाकडे त्या नेटवर्कचे स्वतःचे तुकडे असल्यामुळे दुसऱ्याची बातमी कोणाच्याच कामी येत नाही. लाइन उत्तम चालते, पिंग शेजारच्या राउटरपर्यंत जाते, आणि पलीकडचे इथरनेट मात्र सापडत नाही. इलाज दोन: लाइनचे पत्तेही त्याच मोठ्या नेटवर्कातून द्यावेत, किंवा रिपची दुसरी आवृत्ती घ्यावी.

रिप लावणे

रिप लावायला दोनच ओळी लागतात: ‘राउटर रिप’ आणि ‘नेटवर्क १७२.१६.०.०’. दुसऱ्या ओळीत सबनेट लिहिण्याची गरज नसते. राउटर मोठे नेटवर्कच धरतो. या एका ओळीने तीन कामे होतात. त्या नेटवर्कातल्या सर्व इंटरफेसवर बातम्या पाठवणे सुरू होते, ऐकणे सुरू होते, आणि ती सबनेट इतरांना सांगितली जातात. ज्या इथरनेटवर दुसरा राउटर नाही तिथे बातम्या पाठवण्यात अर्थ नसतो. तो इंटरफेस ‘पॅसिव्ह-इंटरफेस’ करावा. त्याचे नेटवर्क इतरांना कळत राहते.

रिप दर ३० सेकंदांनी आपला पूर्ण तक्ता पाठवते. १८० सेकंद बातमी आली नाही तर मार्ग अवैध ठरतो आणि सिस्कोच्या राउटरवर २४० सेकंदांनी तक्त्यातून पुसला जातो. सिरीयल लाइन तुटली तर एवढी वाट पाहावी लागत नाही, कारण कीपअलाइव्ह अर्ध्या मिनिटात लाइन प्रोटोकॉल पाडतात आणि थेट जोडलेले मार्ग लगेच निघून जातात. म्हणून ‘नो कीपअलाइव्ह’ देऊन लाइन ‘अप’ दाखवण्याचा प्रकार टाळावा. त्यात दोष झाकला जातो आणि राउटिंग आंधळे होते.

पूर्ण तक्ता पुन्हा पुन्हा पाठवण्याची किंमत संथ लाइनवर किती पडते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रिपच्या एका पॅकेटमध्ये २५ मार्ग बसतात. हे पॅकेट यूडीपी आणि आयपीच्या मथळ्यांसह ५३२ बाइटचे होते. तक्त्यात ५०० मार्ग असतील तर २० पॅकेट, म्हणजे १०,६४० बाइट किंवा सुमारे ८५ हजार बिट. ६४ केबीपीएसच्या लाइनला ते पाठवायला साधारण सव्वा सेकंद लागतो. तीस सेकंदांत एवढे सोसते. ९.६ केबीपीएसच्या लाइनला जवळजवळ नऊ सेकंद लागतात. म्हणजे लाइनचा तीस टक्के वेळ कोणाचेही काम न करता, कालच्याच बातम्या पुन्हा सांगण्यात जातो. यावरचा नेमका उपाय जानेवारी १९९७ च्या आरएफसी २०९१ मध्ये आहे: पूर्ण तक्ता एकदाच द्यायचा आणि पुढे फक्त बदल कळवायचे. सिस्कोवर सिरीयल इंटरफेसखाली ‘आयपी रिप ट्रिगर्ड’ ही आज्ञा दिली की तो लागू होतो. ती दोन्ही टोकांना द्यावी लागते आणि दोनच टोके असलेल्या लाइनवरच चालते.

वेग कमी म्हणून ‘टायमर्स बेसिक’ या आज्ञेने मुदती वाढवण्याचीही प्रथा होती. ती धोक्याची आहे. एका राउटरवर ९० सेकंद आणि शेजाऱ्यावर ३० सेकंद राहिले तर बातमीची एखाद-दुसरी खेप हरवताच शेजाऱ्याच्या १८० सेकंदांची मुदत संपते आणि चालू लाइनवरचे मार्ग अधूनमधून नाहीसे होतात. बदलायच्या तर सर्व राउटरवर एकाच वेळी बदलाव्यात.

हॉप की वेग

रिपला मार्गाची एकच मोजणी येते: मध्ये किती राउटर आहेत, म्हणजे किती हॉप. १५ पर्यंत मार्ग चालतो, १६ म्हणजे पोहोचता येत नाही. त्रिकोणाच्या उदाहरणात मुंबईहून नागपूरचे इथरनेट थेट लाइनने एका हॉपवर आणि पुण्यामार्गे दोन हॉपवर आहे. रिप थेट लाइन निवडते. ती ६४ केबीपीएसची आहे आणि पुण्यामार्गे बत्तीस पट वेग मिळतो, हे रिपला सांगायची सोयच नाही. ‘ऑफसेट-लिस्ट’ या आज्ञेने थेट लाइनवरून येणाऱ्या मार्गांत दोन हॉप मुद्दाम वाढवता येतात. मग रहदारी पुण्यामार्गे जाते आणि थेट लाइन राखीव राहते. असे वाढवलेले हॉप पंधराच्या मर्यादेत मोजले जातात, त्यामुळे मोठ्या नेटवर्कात हा उपाय जपून वापरावा.

सिस्कोने १९८० च्या दशकाच्या मध्यात आयजीआरपी काढला तो याच उणिवेसाठी. तो दर ९० सेकंदांनी बातमी देतो आणि मार्गाची किंमत बँडविड्थ व विलंब यांवरून काढतो. वाटेतल्या सर्वांत संथ दुव्याचा वेग केबीपीएसमध्ये घेऊन त्याने एक कोटीला भागायचे. त्यात वाटेतल्या सर्व विलंबांची बेरीज दहा मायक्रोसेकंदांच्या एककात मिळवायची. कमी किंमत म्हणजे चांगला मार्ग. लावण्याची रीत रिपसारखीच आहे: ‘राउटर आयजीआरपी १००’ आणि ‘नेटवर्क १७२.१६.०.०’. इथला १०० हा स्वायत्त प्रणालीचा क्रमांक सर्व राउटरवर सारखा असावा लागतो. नसेल तर शेजारी एकमेकांचे काहीच ऐकत नाहीत.

पण एवढ्यावर थांबले तर आयजीआरपीही थेट लाइनच निवडतो. कारण राउटर लाइनचा वेग मोजत नाही. सिरीयल पोर्टवर तो स्वतःहून १५४४ केबीपीएस हा अमेरिकेतल्या टी-१ लाइनचा वेग आणि २०,००० मायक्रोसेकंद विलंब धरून चालतो, लाइन ६४ ची असो वा २०४८ ची. मग थेट मार्गाची किंमत होते ६४७६ अधिक २००० अधिक नागपूरच्या इथरनेटचे १००, म्हणजे ८५७६. पुण्यामार्गे ६४७६ अधिक ४१००, म्हणजे १०५७६. थेट मार्ग स्वस्त दिसतो.

प्रत्येक सिरीयल इंटरफेसखाली खरा वेग लिहिला की चित्र बदलते. थेट लाइनवर ‘बँडविड्थ ६४’ आणि इतर दोन लाइनवर ‘बँडविड्थ २०४८’, तेही दोन्ही टोकांना. आता थेट मार्ग १५६२५० अधिक २१००, म्हणजे १५८३५०; पुण्यामार्गे ४८८२ अधिक ४१००, म्हणजे ८९८२. रहदारी पुण्याकडे वळते. या आज्ञेने लाइनचा वेग तसूभरही बदलत नाही. राउटरच्या हिशेबात शिरणारा आकडा तेवढा बदलतो. क्लॉक रेट आणि बँडविड्थ यांची गल्लत नवशिके हमखास करतात. क्लॉक रेट प्रत्यक्ष ताल ठरवतो, बँडविड्थ माहिती देते. ‘बँडविड्थ’चा आकडा हजारांत लिहायचा असतो हेही लक्षात ठेवावे, ‘बँडविड्थ ६४०००’ लिहिले तर ६४ केबीपीएसची लाइन ६४ एमबीपीएसची ठरते आणि सगळी रहदारी तिच्यावर येऊन पडते.

फ्रेम रिले आणि क्षितिज

ज्या इंटरफेसवरून बातमी आली त्याच इंटरफेसवरून ती परत सांगायची नाही, या नियमाला स्प्लिट होरायझन म्हणतात. तो नसेल तर लाइन तुटल्यावर दोन राउटर एकमेकांचीच जुनी बातमी फिरवत बसतात आणि हॉप सोळापर्यंत चढत जातात. दोन टोकांच्या लाइनवर हा नियम नेहमी चालू ठेवावा.

एकाच लाइनवर अनेक सर्किट देणाऱ्या फ्रेम रिले सेवेत मात्र मुंबईच्या एकाच सिरीयल पोर्टवर पुणे आणि नागपूर अशी दोन आभासी सर्किट उतरतात. पुण्याची बातमी ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टवरून नागपूरला जायला हवी, आणि स्प्लिट होरायझन तिला अडवते. म्हणून सिस्को मुख्य पोर्टवर फ्रेम रिले लावताच हा नियम स्वतःहून बंद करते, आणि मग बातम्या गोल फिरण्याचा धोका परत येतो. यावरची चांगली मांडणी म्हणजे प्रत्येक सर्किटला स्वतंत्र सबइंटरफेस देणे: ‘इंटरफेस सिरीयल ०.१ पॉइंट-टू-पॉइंट’, आणि त्याखाली ‘फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय’ अधिक सर्किटचा क्रमांक. प्रत्येक सबइंटरफेस वेगळ्या लाइनसारखा वागतो, नियम चालू राहतो आणि बातमीही पोहोचते. मात्र प्रत्येकाला एक सबनेट लागते. कोणता पत्ता कोणत्या सर्किटवर आहे याचा मॅप हाताने लिहायचा असेल तर त्या ओळीच्या शेवटी ‘ब्रॉडकास्ट’ हा शब्द विसरू नये. तो नसला तर पिंग चालते, पण रिपच्या बातम्या जात नाहीत.

दुसरी आवृत्ती

रिपच्या दुसऱ्या आवृत्तीचे आजचे मानक नोव्हेंबर १९९८ च्या आरएफसी २४५३ मध्ये आहे. प्रत्येक मार्गाबरोबर मास्क जातो, बातम्या सर्वांना न ओरडता २२४.०.०.९ या मल्टिकास्ट पत्त्यावर जातात आणि पासवर्ड लावता येतो. ‘व्हर्जन २’ आणि ‘नो ऑटो-समरी’ या दोन ओळी दिल्या की लाइनना २५५.२५५.२५५.२५२ मास्क देता येतो आणि तुटक नेटवर्कही चालते. ३० सेकंदांचे चक्र आणि १५ हॉपची मर्यादा तशीच राहते. बदल करताना सर्व राउटर एकाच वेळी बदलावेत, कारण सिस्कोचा राउटर काही न सांगता पहिली आवृत्ती पाठवतो व दोन्ही ऐकतो, पण ‘व्हर्जन २’ दिलेला राउटर पहिली आवृत्ती ऐकत नाही. आयजीआरपीला असे उत्तरायुष्य मिळाले नाही. ईआयजीआरपीने त्याची जागा घेतली आणि सिस्कोने पुढच्या सॉफ्टवेअरमधून तो काढून टाकला.

तपासणी

‘शो आयपी रूट’ या तक्त्यात रिपचे मार्ग ‘आर’ अक्षराने आणि आयजीआरपीचे ‘आय’ अक्षराने सुरू होतात. चौकोनी कंसातला पहिला आकडा त्या प्रोटोकॉलवरचा राउटरचा विश्वास दाखवतो: रिपला १२०, आयजीआरपीला १००, आणि कमी आकडा सरस. दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर आयजीआरपीचा मार्ग तक्त्यात येतो. दुसरा आकडा मार्गाची किंमत. ओळीच्या शेवटाकडे शेवटची बातमी येऊन किती वेळ झाला ते दिसते. रिपमध्ये तो काळ तीस सेकंदांच्या आसपास शून्यावर यायला हवा. दीड-दोन मिनिटांपर्यंत चढत असेल तर बातम्या वाटेत हरवत आहेत, आणि ‘शो इंटरफेस’मध्ये सीआरसीच्या चुका मोजाव्यात.

पीपीपीवर एक फसवा दोष आढळतो. दोन टोकांना वेगवेगळ्या सबनेटचे पत्ते दिले तरी लाइन उभी राहते आणि पिंगही जाते, कारण पीपीपी पलीकडच्या पत्त्याचा मार्ग स्वतःच तक्त्यात घालते. रिप मात्र परक्या सबनेटवरून आलेली बातमी फेकून देते. ‘डिबग आयपी रिप’ लावल्यावर ‘बॅड सोर्स’ असा संदेश दिसतो तो यामुळे. डिबगचे काम झाले की ‘अनडिबग ऑल’ लगेच द्यावे. मोठ्या तक्त्याच्या राउटरवर ९६०० बॉडच्या कन्सोलला हा मजकूर झेपत नाही आणि राउटरच अडकतो.

सर्व मार्ग दिसू लागले की मुंबई-पुणे लाइन मुद्दाम बंद करून रहदारी थेट लाइनवर येते का, आणि लाइन परत जोडल्यावर ती पुण्याकडे वळते का, हे पाहून घ्यावे. मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ या आज्ञेने सर्व काही राउटरच्या कायम स्मृतीत जतन करावे. ते न केल्यास वीज जाताच सगळी मांडणी पुसली जाते. त्याची एक प्रत टीएफटीपी सर्व्हरवरही ठेवावी, म्हणजे राउटर जळाला तर त्याच्या जागी आणलेल्या नव्या राउटरवर ती तशीच चढवता येते.